गोदामातली बेपत्ता जागा

कोल्हार, जानेवारी १९७३

ती. मार्तंडदाजींस शामकांतचा साष्टांग नमस्कार. आपला खोकला कसा आहे? सुनीतीताईचा काढा आपण घेत असाल, निदान तिच्यादेखत तरी घेत असाल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम, फक्त माझे गुडघे सोडून. सोसायटीच्या गोदामात माझ्या टेबलाखाली पोती कोंबल्यापासून मला पाय सरळ ठेवता आलेले नाहीत. सायकलच्या कॅरिअरवर नवी नवरी बसते तसा एका अंगाला वळून मी दुष्काळी धान्याचा हिशेब लिहितो. देशाला स्वातंत्र्य मिळाले, माझ्या पायांना नाही. इतिहासाने नोंद घ्यावी.

पण विषय पायांचा नाही. सोमवारी नगरहून मिलोची गाडी यायची होती. (मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना आमच्या बायका परराष्ट्र धोरणावर जे बोलतात ते पत्रात लिहिता येत नाही.) गोदामात जागा नसेल तर गाडी पुढच्या गावी रिकामी होणार, आणि दुष्काळी कामावरच्या बायकांनी दिवसभर माती वाहून वर तिथवर तंगडतोड करायची. कागदावर गोदाम निम्मे रिकामे. प्रत्यक्षात दारापासून दहा पावलांवर पोत्यांची भिंत. धान्य चोरीला गेले तर पोलिसांत जाता येते. जागा चोरीला गेली तर माणसाने कुठे जावे?

सेक्रेटरी रंगनाथरावांनी पहिला संशय उंदरांवर घेतला. मी म्हटले, उंदीर धान्य खातात, जागा खात नाहीत. मग संशय गवंड्यावर: त्याने गोदाम बाहेरून मोठे आणि आतून लहान बांधले! आता मोजणे आले. टेप चेअरमनांच्या कपाटात, चेअरमन लग्नाला. म्हणून रंगनाथरावांच्याच धोतराने मोजले. (ते तोवर टॉवेल गुंडाळून दाराआडून हुकूम सोडत होते.) बाहेरून चार धोतरे भरलेली इमारत आतून दीड धोतरातच संपली.

एवढ्यात कामावरची राहीबाई पाटी घेऊन चौकशीला आली. "गाडी कवा यायची?"

"जागा नाही, बाई."

"जागा न्हाई? जवारी काय जावई हाय व्हय, खाट टाकाया लागतीया तिला?" मग तिची नजर दाराआड गेली. "आन् सायेब, तुमी काय आंघुळीला निघाला व्हय?"

रंगनाथराव अंतर्धान पावले. राहीबाईने पाटीच्या काठाने भिंतीला ढोसणी दिली आणि भिंत हलली. दाण्यांची पोती अशी हलत नाहीत. ती सगळी बारदाने होती, रिकाम्या पोत्यात रिकामी पोती भरून गच्च रचलेली! धान्य वाटले की हिशेबातून पोते उडवायचे, पण वरून बारदान परत मागतील म्हणून त्याच जागी ठेवायचे, हा आमचा शिरस्ता. भिंत धाडकन कोसळली आणि मागे साक्षात राजदरबार उभा राहिला.

जत्रेतल्या नाटकाचा राजवाडा! कापडी खांब, लाकडी तोफ, सिंहासन, आणि सिंहासनावर आमचा पहारेकरी गोरक्षनाथ, आ वासून घोरत. (मागच्या खिडकीचा रस्ता त्याला एकट्यालाच ठाऊक.) भोवती कुणाचा पाळणा, कुणाचे लग्नातले पाट, कुणाचा मोडका नांगर. 'राहू द्या, उद्या नेतो' म्हणून प्रत्येकाने ठेवलेले. गावात अशाला नाही म्हटले की तीन पिढ्या वैर.

"सामानावर ध्यान ठिवलंय, सायेब," गोरक्षनाथ डोळे चोळत म्हणाला.

"डोळं मिटून?" राहीबाई म्हणाली, आणि तिने कामावरच्या झाडून साऱ्या बायका बोलावून आणल्या. त्यांनी ज्याचे सामान त्याच्या दारात नेऊन आदळले. संध्याकाळी गाडी आली, मिलो उतरला. फक्त राजवाड्याला धनी मिळेना. नाटक मंडळीत फूट पडली आहे. एक गट म्हणतो त्यांचा, दुसरा म्हणतो यांचा.

आपला,
शामकांत

ता. क. आपल्या केडगावच्या घराची मागची पडवी रिकामी आहे, असे ताईने लिहिले होते. गाडी मोकळीच परत निघाली आहे, ड्रायव्हरही केडगावचाच. म्हणून राजवाडा तिच्यावर चढवून दिला आहे. पत्र त्याच्याच हाती देतोय, म्हणजे आपण हे वाचत असताना तोफ दारात असेल. चार दिवसांचाच प्रश्न आहे. (गोरक्षनाथही सिंहासनाबरोबर निघाला होता, त्याला उतरवून घेतले.)

आणखी एक. सिंहासनाखाली गोणपाटात तांब्याचे घंगाळ आहे. माझ्या लग्नात आपल्याकडून वापरायला आणलेले, परत करायचे राहून गेलेले. त्या पसाऱ्यात निघाले, काठावर आपल्या आईंचे नाव आहे. आपण कधी विचारले नाहीत. हिने चिंचेने घासून लख्ख केले आहे. तेवढे मात्र पडवीत ठेवू नका, आत घ्या.