मागच्या दाराची कडी

प्रिय लेकी मित्रा आणि माझी नात मोना,

दोघींना जय भीम.

हे पत्र सखी सेंटरच्या दिपाली मॅडम स्वतःच्या हातानं तुला देतील. पाकिटावर नुसतं तुझं नाव आहे. पत्ता मला कुणी सांगत नाही आणि ते बरंच आहे. माझं तोंड तुला माहीत आहे, पानठेल्यावर कुणी दोनदा विचारलं की मी घाबरून सगळं सांगून मोकळा होतो. तुम्ही मायलेकी शक्ती सदनात, सरकारनं बायकांसाठी केलेल्या आसऱ्यात आहात, एवढंच मला ठाऊक. ते दुर्गला आहे की रायपूरकडे, देव जाणे म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून म्हणतो, मॅडम जाणे. तरी बसमधून जाताना उंच भिंतीचं घर दिसलं, आत दोरीवर लहानसा फ्रॉक वाळत असला, की मी सीटवरून अर्धा उठतो. परवा कंडक्टर वैतागला, "बाबा, उतरना है कि बैठना है?" बसलो. फ्रॉक मोनाचा नव्हताच, तिला पिवळा रंग आवडत नाही.

तिचा खोकला गेला का? तिथं भात जाड तांदळाचा असेल, तिच्या घशाखाली उतरतो का? मच्छरदाणी देतात का? तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं असं मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मूठ पूर्ण मिटते का? त्या म्हणाल्या, मिटते. मी दुसऱ्यांदा विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "बाबूजी, आपकी बेटी अब रोटी भी बेल रही है।" ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात आलं, त्या हातानं इतक्यात कशाला बेलतेस?

तू त्या सकाळी बायकांच्या मदतीच्या नंबरला, १८१ ला फोन लावलास, भिलाई-तीनमधून मोनाला घेऊन निघालीस, सरकारी गाडीनं सखी सेंटरला गेलीस आणि तिथून मला कळवलंस, "बाबा, मी बरी हाय, तुमी रडू नका." मी रडलो नाही, पण मनाला लागलं. रुआबांध्याला बाप बसला आहे, तर पोरगी सरकारच्या दारात कशाला गेली? उत्तर दुपारीच मिळालं. तुझ्या नवऱ्याची, नागसेनची मोटरसायकल आपल्या घरासमोर उभी राहिली. पहिल्यांदा तो इथंच येणार, हे तुला ठाऊक होतं. मला नव्हतं.

तेव्हापासून तो आठवड्याच्या सुट्टीला, रेस्टच्या दिवशी येतो. मी येऊ नको म्हणायला तोंड उघडतो आणि त्यातून "ये, बस" निघतं. तो बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडतो, माझ्या कूलरचं पाणी भरतो, रडतो. "मामाजी, माह्यी चूक झाली, एक डाव तिले समजावून सांगा न." एवढा मोठा रेल्वेचा माणूस, लेकरासारखा नाक पुसतो. शेजारच्या सत्यभामाबाईला तर तो देवमाणूस वाटायचा. नळावर मला ऐकवते, "बळीरामभाऊ, जवई तुमच्या घरी चाय पिते अन् पोरगी सरकारच्या घरी, लोक हासून राहिले न!" मी म्हटलं, "हासू दे, बाई, दात असतील त हासतील." तिचे समोरचे तीन पडले आहेत. चार दिवस बोलली नाही, मग स्वतःच आंबाडीची भाजी घेऊन आली.

पण एक गोष्ट मी बघून ठेवली आहे. तो रडताना त्याचे डोळे घरभर फिरतात. दोरीवर कुणाचे कपडे आहेत, दारात चपला किती, गॅसवर भांडं केवढं. तुझ्या हाताचं त्यानं एकदाही विचारलं नाही. मोनाच्या खोकल्याचंही नाही.

तुला प्लांटातली लाल पाटी आठवते का? मी मोटर दुरुस्तीला घेतली की स्विचवर ती लटकवायचो. माझं नाव, काम चालू आहे, स्विच लावू नये. नियम असा की ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. फोरमन आला, मोठा साहेब आला, तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण आत माणूस असतो. एक जुनी झालेली पाटी मी घरी आणली, तर तू माझ्या नावावर कागद चिकटवून 'संघमित्रा' लिहिलंस आणि दहावीच्या अभ्यासाला ती खोलीच्या दाराला टांगलीस. तुझी आई भागीरथा जेवायला हाक मारायची आणि पाटी बघून परत फिरायची. मला म्हणायची, "तुमच्या कारखान्यानं माह्यी पोरगी उपाशी मारली." पण तिनं कधी ती काढली नाही. ताट झाकून ठेवायची.

आता ज्या बातमीची तू वाट बघत असशील ती सांगतो. मंगळवारी दिपाली मॅडम घर बघायला आल्या होत्या. तुम्हाला माझ्याकडे पाठवता येईल का, ते त्यांना ठरवायचं होतं. मी आदल्या दिवशी खोली चुन्यानं पांढरी केली. तुझ्या पलंगावर नवी चादर घातली, हत्तींची, मोनासाठी. दोन नवे मग आणले, कारण जुन्यांचे कान तुटले होते. मॅडमच्या चहात घाबरून साखर दोनदा पडली. त्या बिचाऱ्या सगळा प्यायल्या. सगळं बघून खूश झाल्या. मला वाटलं, झालं, रविवारपर्यंत मोना या चादरीवर उड्या मारेल. मी मनात तिच्यासाठी बोरं पण विकत घेऊन टाकली.

जाता जाता त्यांनी मागचं दार बघितलं. सहज विचारलं, "ये ठीक से बंद होता है न?" मी हो म्हणायला तोंड उघडलं. आणि मला ती दिवाळीची सुट्टी आठवली. आपण सगळे बाहेर अडकलो होतो, किल्ली आत राहिली होती. नागसेननं डब्याच्या पत्र्याची पट्टी फटीतून सारली आणि ही कडी बाहेरून उघडली. आपण किती हसलो होतो! तू म्हणालीस, "जवई हाय का चोर?" कडी त्यानंच बसवली होती, मित्रा. ती कशी उघडते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मॅडम वाट बघत होत्या. आमच्या मागे हत्तींची चादर होती. मी सांगितलं, "नाही मॅडम, बंद नाही होत. आणि तो दर आठवड्याला येतो. त्यानं जवळ येऊ नये असा कोर्टाचा कागद हाती येईपर्यंत माझ्या पोरीला इथं पाठवू नका."

त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, पुष्कळ बाप नाही म्हणतात, लोक काय म्हणतील म्हणून. पोरींना ते 'नाही' ऐकायची सवयच होते, त्यामागचं कारण त्या विचारत नाहीत. "ये वाली बात आप ख़ुद लिखिए।" म्हणून हे पत्र. माझं अक्षर वाकडं आहे, दोनदा वाचून घे. तुझ्या बापानं तुला घरी घ्यायला नाही म्हटलं, हे कुणाच्याही तोंडून तुझ्या कानावर यायच्या आधी माझ्याकडून यावं. तू यावीस असं मला इतकं वाटतं की मी मगमध्ये पाणी भरून ठेवतो आणि संध्याकाळी झाडाला टाकतो. पण तू तिथं दार आतून लावून झोपतेस ना, ते माझ्या घरात अजून होत नाही. नवी कडी लावायला मिस्त्री येणार आहे, आणि या वेळी नागसेन आला की मी त्याला बाहेरच्या बाहेर 'येऊ नको' सांगणार आहे. तोंडातून "ये, बस" निघू नये म्हणून सत्यभामाबाईला बाजूला उभं करणार आहे. तिला मी तुझ्या हाताचं सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली, मग म्हणाली, "येऊ द्या त्याले, मी पाह्यतो." आणि मी ट्रंकेतून तुझी ती लाल पाटी काढली, पुसली आणि मागच्या दाराला टांगली. नाव अजून दिसतं. मी तिला हात लावणार नाही. तू येऊन काढ.

ताट झाकून ठेवणारा, तुझाच,
बाबा