राक्षसामागं अडकलेलं घोडदळ

नावडे कॉलनी,
सोमवार, दुपार

चि. राजवर्धन यास आक्काचे अनेक आशीर्वाद. (आशीर्वाद रीतीप्रमाणे दिलेत. राग खाली आहे.) तुझी शुगर कशी आहे? तुझ्या मंडळींच्या कंबरेला त्या नव्या तेलानं उतार पडला का? इकडे तुझे दाजी बरे आहेत, निशांत बरा आहे, सूनबाईला, अस्मिताला, सातवा लागला, आणि माझा ऑपरेशन केलेला गुडघा आता न कुरकुरता जिना चढतो. एवढं सोडलं तर या घरात काहीही बरं नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

फोन का नाही केला, म्हणशील. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून पारावर बसतोस, आणि आमचा फ्लॅट एवढासा की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी अस्मिताला आत ऐकू जातं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा टॅब आणि तिचा मोबाइल निशांतनं कसेकसे जोडून ठेवलेत, मी इकडे ‘र’ काढला की तिकडे दिसतो. म्हणून नव्या गुडघ्यानं पोस्टापर्यंत चालत जाऊन पाकीट आणलंय. तेव्हा हे पत्र नीट वाच, आणि एकट्यानं वाच.

ऑपरेशननंतर मी पडून होते तेव्हा अस्मितानं टॅबवर ‘सप्तदुर्ग’ नावाचा लढाईचा खेळ घालून दिला. तुला फोनवर एकदा समजावला होता, पण तू नुसता ‘हां हां’ करत होतास, म्हणून पुन्हा सांगते. आपल्याकडे एक सैन्य असतं. ढाली घेतलेले बुटके, तिरंदाज, घोडेस्वार, एक राक्षस (आपल्याच बाजूचा, पगारी आहे), आणि एक म्हातारा मांत्रिक. तो जखमी माणसावर हात फिरवतो आणि माणूस पुन्हा उभा राहतो. कोणाला कुठं उभं करायचं ते लढाईच्या आधी आपण ठरवायचं. एकदा का नगारा वाजला की आपल्या हातात काही नाही, गप बघत बसायचं. म्हणजे सगळी अक्कल मांडणीत. आता अस्मिताची आई, आमच्या विहीणबाई मीनाताई, खारघरला असतात, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, तुला लग्नात भेटल्यात. त्यांनी सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांची टीम केली, मलाही घेतलं, आणि सैन्याची डावी बाजू माझ्या हवाली केली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जन्मभर डबे भरले, पाहुणे सांभाळले, पण डावी बाजू कोणी दिली नव्हती.

आमची पहिली मोठी लढाई ठरली वाशीच्या एपीएमसी मार्केटातल्या पोरांशी. दिवसभर कांद्याच्या गोणी उचलणारी पोरं ती, खेळतात पण तशीच, अंगावर येऊन. मी घाबरले. माझा भाऊ फौजेतला हवालदार, म्हटलं त्याला विचारावं. तू काय सांगितलंस आठवतंय? “आक्का, घोडदळ दाखवायचंच नाही. टेकडीमागं दडव, आणि वाटेच्या तोंडावर राक्षस उभा कर. शेवटी घोडे सोड, शत्रू पाणी मागणार नाही!” असा काही आवाज लावलास की मी टॅबसमोर सावधान उभी राहायची बाकी होते. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून मी तसंच केलं. राक्षसाची जाडी किती हे तू विचारलं नाहीस. नगारा वाजला, आणि राक्षस वाटेच्या तोंडात जो बसला तो बसला. (समोर शत्रू आल्याशिवाय तो हलत नाही, आणि शत्रू शहाणा होता, तो त्याच्यासमोर आलाच नाही.) मागं माझे घोडे एकावर एक. तळोज्याच्या रस्त्यावर कंटेनर आडवा झाला की होतं ना, तस्सं. एक घोडेस्वार तर उलटा फिरून टेकडीभोवती चकरा मारत होता. लढाई संपली तेव्हा माझं अख्खं घोडदळ, अंगावर एक ओरखडा नसलेलं, टेकडीमागं सुखरूप उभं होतं. आणि मग मला आठवलं, तू फौजेत गाड्यांच्या तुकडीत होतास! अरे, गाड्या बाहेर कशा काढायच्या एवढं एक काम सरकारनं तुला शिकवलं, आणि तेवढंच नेमकं बहिणीला सांगायचं राहिलं?

तरीही मी सावरलं असतं, कारण मांत्रिक मागं होता. मांत्रिक जिवंत तर सैन्य जिवंत. पण तुझे दाजी! नगारा वाजायच्या जरा आधी कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले. या माणसानं त्या टॅबला आजवर बोट लावलेलं नाही. त्या दिवशी लावलं. मी परत येते तर मांत्रिक सगळ्यात पुढं, बुटक्यांच्याही पुढं, काठी टेकून उभा! मी किंचाळले, “हे कोणी केलं?” तर हे म्हणतात, “अगं, म्हातारा माणूस, एकटाच मागं कोपऱ्यात उभा होता. म्हटलं चार माणसांत येऊ दे.” माया ठीक आहे रे, पण समोरून गदा घेतलेली माणसं धावत येतायत! मांत्रिक पहिल्याच फटक्याला गेला. तुझ्या दाजींनी चुकचुक केली आणि म्हणाले, “हृदयविकार असेल.” त्यानंतर त्यांना दोन दिवस बिनमिठाची भाजी मिळाली. त्यांनी खाल्ली, आणि चांगली झालीय म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण खरं मनाला लागलं ते पुढचं. हरल्यावर मीनाताईंनी टीममध्ये सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘सत्यभामाताईंचं वय बघता त्यांनी खूप छान प्रयत्न केला. आपण सगळ्या टाळ्या वाजवू या.’ वय बघता! माझ्यापेक्षा त्या फार तर एका दिवाळीनं लहान असतील. आणि त्या फिरणाऱ्या बायकांनी खरंच टाळ्यांची चित्रं पाठवली, एकीनं तर वर फूल पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडची डावी बाजू काढून मला धान्याच्या कोठारावर बसवलं. मी सरळ टीम सोडली, इतकंच. तेव्हापासून विहीणबाईंचा फोन बंद, माझाही बंद. पुढच्या महिन्यात अस्मिताचं डोहाळजेवण आहे, ते दोघींनी मिळून करायचं ठरलंय, आणि ती पोर एकदा आईकडे बघते, एकदा माझ्याकडे. परवा म्हणाली, “आई, तुम्ही दोघी बोलणार नसाल तर मी ओटी व्हिडिओ कॉलवर भरून घेऊ का?” मला हसू आलं, आणि मी तिला जवळ घेतलं.

पण अपमान तो अपमान. मी तुझ्या दाजींच्या मोबाइलवर नवीन खातं उघडलं, दुसऱ्या नावानं, आणि सरळ मार्केटातल्या पोरांच्या टीममध्ये गेले. त्यांचा म्होरक्या शिवतेज म्हणून आहे, त्याला वाटलं मी कोणी काका आहे. म्हणाला, “काका, टेन्शन नाय घ्यायचं. तुमी मांडा, आमी हाय मागं.” पंधरवड्यानं पुन्हा तोच सामना लागला, आणि या खेपेला मांडणी माझी. ना तुझी, ना दाजींची. मीनाताई सैन्य कसं उभं करतात ते मला ठाऊक होतं: बुटके पुढं, उंच मागं, मधे सारखं हातभर अंतर, शाळेच्या प्रार्थनेसारखं. मी ढालकरी तिरके लावले, मांत्रिक मधोमध ठेवला, राक्षस लांब बांधाला नेऊन उभा केला, आणि घोडे अगदी उघड्यावर, समोर मोकळा रस्ता. नगारा वाजला, आणि माझे घोडे त्या हातभर अंतरांमधून असे गेले म्हणतोस! एकेका रांगेतून आरपार. त्यांच्या बायका अजून सरळ रेषेतच उभ्या होत्या तोवर लढाई संपली. शिवतेजनं लिहिलं, “काका, तुमी तर राडाच केला.” आयुष्यात मला कोणी एवढं गोड बोललेलं नाही.

तर हे असं आहे. तुझ्याशी या विषयावर मी पुन्हा बोलणार नाही. तुझा सल्लाही नको आणि तुझ्याकडून दुसरंही काही नको. तब्येतीची काळजी घे, गोड खाऊ नकोस.

तुझी आक्का,
सत्यभामा

ता. क. : ते दुसरं नाव काय होतं ते लिहायचं राहिलं. तुझं होतं. रागात होते, म्हटलं हरलं तर याचंच नाव जाऊ दे, म्हणून ‘हवालदार कराडकर’ असं लिहिलं. आता जिंकले, त्याला मी काय करू? मीनाताईंनी त्या हवालदाराला खेळातच निरोप पाठवला, ‘आपली मांडणी अप्रतिम होती. आपण आमच्या विहीणबाईंचे बंधू तर नव्हे?’ नाही म्हणणार होते, बोट ‘हो’वर पडलं. तेव्हापासून त्या तुला रोज लिहितात आणि तू त्यांना रोज उत्तर देतोस. परवा त्यांनी तुझा सल्ला विचारला, ‘ताई माझ्यावर रागावल्यात. माझंच चुकलं. पण फोन करायचा धीर होत नाही. काय करू?’ तू त्यांना चांगलं सविस्तर उत्तर दिलंस. फोन करा, वयाचा शब्द मागे घ्या, ताई मनानं फार मोठी आहे, असं सगळं लिहिलंस. मला वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

ता. क. २ : मुख्य गोष्ट. येत्या रविवारी मीनाताई आणि त्यांचे यजमान कोल्हापूरला देवीला चाललेत, वाटेत कराडला तुझ्याकडे चहाला थांबणार आहेत. (तुझा नंबर मागत होत्या. हवालदारानं कळवलंय की फोन विहिरीत पडला, खेळ शेजाऱ्याच्या टॅबवर चालतो. तेव्हा त्यांच्यासमोर मोबाइल बाहेर काढू नकोस.) त्यांना एवढंच सांग की ढालकरी तिरके आणि घोडे उघड्यावर. टेकडी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जास्त विचारलं तर मिशीवरून हात फिरव आणि लांब बघ, ते तुला जमतं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मीनाताईंचाच फोन आला. माफी मागितली रे त्यांनी, आणि दोघी रडलो. डोहाळजेवण त्यांच्या हॉलवर, जेवण माझं, असं ठरलं. अस्मिता दारात उभी राहून ऐकत होती, तिनं मला मिठी मारली. मग मीनाताई म्हणाल्या, “ताई, टीममध्ये परत या. मी तुमच्या भावाला सेनापती करायचं ठरवलंय. इतका समंजस माणूस! मी स्वतः त्यांच्या हाताखाली राहीन. त्यांचे हुकूम पाळायला तुम्हाला कमीपणा नाही ना वाटणार?” मुळीच वाटणार नाही म्हटलं. तेव्हा रविवारी त्या विचारतील. आढेवेढे न घेता पद घे, इस्त्रीचा सदरा घाल, आणि काहीही हुकूम सोडण्याआधी मला विचार.