पिठाची गिरणी नसलेल्या खोलीचे सील उघडण्याबाबत

प्रति,
मा. वर्गीकरण अधिकारी,
व्यवसाय वर्गीकरण व दाखले कक्ष,
दुसरा मजला (जिन्याचा थुंकून लाल झालेला कोपरा ओलांडून डावीकडे),
परभणी.

अर्जदार : शिवकांत मल्लेश हालगे, वय २६, रा. झरी, ता. जि. परभणी.

विषय : माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीला पिठाची गिरणी समजून लावलेले सील दि. २३ मार्चपूर्वी, निदान अर्ध्या तासासाठी, उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा व्यवसाय दाखला, दि. ४ फेब्रुवारी २०२५.
२) सीलबंदीचा पंचनामा, दि. ११ मार्च २०२५.
३) लिपिक श्री. मल्हारराव यांचे तोंडी मार्गदर्शन, वेळोवेळी.

महोदय,

मी पिठाची गिरणी चालवत नाही. हे वाक्य मी आपल्या कार्यालयात आजवर सहा वेळा उच्चारले असून प्रत्येक वेळी रजिस्टरला 'गिरणीधारक समक्ष हजर' अशी नोंद झाली आहे. म्हणून सातव्या वेळी लेखी सादर करतो.

१. माझे काम असे आहे. माणूस प्रोग्राम लिहितो. यंत्राला तो जसाच्या तसा कळत नाही, म्हणून कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. हे रूपांतर एका दमात होत नाही. मधे एक टप्पा असतो, त्याला इंटरमीडिएट कोड म्हणतात. तो धड माणसाचा नसतो, धड यंत्राचा नसतो. त्या टप्प्यावर कंपायलरला जोडायचे प्लगइन मी तयार करतो. ते हा मधला कोड तपासते, धोक्याच्या जागा दाखवते आणि जमेल तिथे कोड बदलून पुढे पाठवते. या संपूर्ण व्यवहारात धान्य कोठेही येत नाही, याची कृपया नोंद व्हावी.

२. धान्य आले ते आपल्या फॉर्ममुळे. संभाजीनगरच्या एका कंपनीने मला झरीत बसून काम करण्याची संधी देऊ केली व त्यासाठी व्यवसायाचा दाखला मागितला. फॉर्मच्या रकाना क्र. ९ मध्ये 'कच्चा माल, प्रक्रिया, पक्का माल' असे लिहायचे होते. मी अनुक्रमे 'प्रोग्राम, मधल्या कोडचे विश्लेषण व रूपांतर, प्रोग्राम' असे लिहिले. मल्हाररावांनी ते दोनदा वाचून "आत बी प्रोग्राम, भाईर बी प्रोग्राम, मग मधी तुमी काय करायलाव?" असे विचारले. प्रश्न रास्त होता. त्यावर मी जे उत्तर दिले त्याचा मला आजन्म पश्चात्ताप राहील. मी म्हणालो, "समजा, प्रोग्राम म्हणजे ज्वारी. यंत्राला लागतं पीठ. मधी होतो तो भरडा. मी त्या भरड्यातले खडे वेचतो." मल्हाररावांचा चेहरा उजळला. "आसं सरळ सांगा की. आमच्या सासऱ्याची बी गिरणीच हाय," असे म्हणून त्यांनी मला चहा पाजला. चहा संपेपर्यंत दाखला तयार होता. त्यावर 'पीठ गिरणी, भरडा व खडे वेचणी, जोडयंत्रासह' असे छापलेले असून शेजारी चहाच्या कपाचा गोल डाग आहे. शिक्का मात्र वाचता येत नाही.

३. चूक बसस्थानकावर लक्षात आली. मी तसाच परत आलो. मल्हाररावांनी अंगठा जिभेला लावून फाइलची पाने उलटली (ही फाइल नंतर माझ्याही हातात देण्यात आली) आणि सांगितले, "आता सेव्ह झालंय. सेव्ह झाल्यावर आमच्या हातात काय न्हाई." आपल्या सॉफ्टवेअरमध्ये 'दुरुस्ती' असे बटणच नाही, हे त्यांनी मला स्क्रीन फिरवून दाखवले. ते खरे होते.

४. पुढील आठवड्यात हा दाखला आपोआप ग्रामपंचायतीकडे गेला व फलकावर 'गावातील गिरण्या' या मथळ्याखाली माझे नाव दुसऱ्या क्रमांकावर लागले. पहिल्या क्रमांकावर श्री. आश्रुबा आहेत, त्यांची खरी गिरणी आहे. त्याच सकाळी आमच्या गल्लीतील सुलाबाई ज्वारीचा डबा घेऊन आल्या. "बारीक दळ रं बाबा, म्हाताऱ्याला दात न्हाईत." मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "बोर्डावर लिवलंय. सरकार खोटं लिवल व्हय?" त्यांनी डबा माझ्या टेबलाखाली सरकवला व निघून गेल्या.

आश्रुबांनी आमच्या घरचे दळण घेणे बंद केले. "आता घरचीच सरकारी गिरणी हाय की तुमची. आमच्याकडं कशाला?" असे ते चारचौघांत म्हणाले. परिणामी शासनदरबारी गिरणी असलेल्या आमच्या घरात पीठ नाही. माझी आई मल्लम्मा ही ज्वारी घेऊन, परभणीत गाडी बदलून, पोखर्णीला मावशीकडे दळायला जाते. पोखर्णीला एवढ्या फेऱ्या म्हणजे तिथल्या नरसिंहाला माझ्या लग्नाचा नवस असणार, असा गल्लीचा समज झाला असून मुलीकडच्यांचे कुठवर आले, याची बायका रोज चौकशी करतात.

५. दि. ११ मार्च रोजी मी याच दुरुस्तीसाठी आपल्या कार्यालयाच्या बाकावर बसलो असता (बाकाच्या फटीत आधीच्या अर्जदारांची शेंगांची टरफले आहेत) आपल्याच कक्षाचे तिघांचे तपासणी पथक माझ्या घरी पोचले. "चक्की कुठंय?" असे त्यांनी आईला विचारले. आईने, "लेकराचं काम त्या खोलीत चालतंय," म्हणून बोट दाखवले व त्यांच्यासाठी चहा ठेवला. खोलीत जाते-दगड मिळाला नाही. पंचनाम्यात 'दगड अन्यत्र हलविलेला' असे नमूद आहे. वजनकाटा मिळाला नाही. 'वजनकाटा लपविलेला' असे नमूद आहे. मग एका सदस्याने कॉम्प्युटरचे झाकण काढून पंख्यावरची धूळ ब्रशने दोन चमचे गोळा केली आणि पिशवीत भरली. त्या नमुन्याचा जागेवरच दिलेला अभिप्राय असा : 'करड्या रंगाचे पीठ, त्यात केस व मुंग्यांचे अवशेष. मानवी सेवनास अयोग्य.'

या अभिप्रायाशी मी पूर्णपणे सहमत आहे.

त्याआधारे खोलीला सील लागले. आत माझा कॉम्प्युटर, चौदा महिन्यांचे काम आणि सुलाबाईंचा डबा आहे. सुलाबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून, "माझी जवारी तुझ्या काम्पुटरनं खाल्ली काय रं?" असे विचारतात. दाराला कान लावल्यास डब्यात सोनकिडे चालल्याचा आवाज येतो, असेही त्यांचे म्हणणे आहे.

६. दुसरी प्रत ठेवली नव्हती काय, असे आपण विचाराल. ठेवली होती. ती ज्या पेन ड्राइव्हवर आहे तो उंदरांच्या भीतीने त्याच खोलीत आढ्याला टांगलेला आहे. ऑनलाइन ठेवण्यास कंपनीची मनाई आहे.

७. सील काढण्याची पद्धत मल्हाररावांनी मला दि. १३ रोजी समजावून दिली. त्याच यंत्रातून काढलेला, खाण्यास योग्य असा दुसरा नमुना सादर करावा लागतो. यंत्र सीलच्या आत आहे. दुसरा मार्ग गिरणी बंद केल्याचे कळवण्याचा. त्यासाठी शेवटचे दळण कोणत्या तारखेला केले ते लिहावे लागते. मी म्हणालो, जे सुरूच झाले नाही ते बंद कसे करू? त्यांनी अत्यंत आपुलकीने सांगितले, "त्याला तोडगा हाय. पंधरा दिवस खरी गिरणी चालवा, मग कायदेशीर बंद करू."

महोदय, या ठिकाणी मी 'खेद' असा शब्द आधी लिहिला होता. तो खोडून 'किळस' लिहीत आहे. आपल्या नियमात तो बसत नसल्यास जवळचा शब्द आपल्या स्तरावर भरून घ्यावा.

त्याच दिवशी मी एक प्रस्तावही ठेवला. माझा फॉर्म बरोबर होता, दाखला चुकीचा निघाला. म्हणजे बिघाड मधल्या टप्प्यात आहे, जिथे कोणी बघत नाही. तिथे बघणे हाच माझा धंदा आहे. मूळ सॉफ्टवेअरच्या अक्षराला हात न लावता मी दुरुस्तीची सोय बसवून देऊ शकतो. मल्हारराव म्हणाले, "मग करा की, कोण नको म्हणायलंय?" मी म्हणालो, कॉम्प्युटर सीलमध्ये आहे. त्यांनी फाइल मिटली आणि ते म्हणाले, "मग अवघड हाय." आपल्या कार्यालयात मला मिळालेला हा पहिला प्रामाणिक अभिप्राय.

८. आता ज्यासाठी घाई आहे ते लिहितो. येथपर्यंत वाचून आपण अर्ज बाजूला ठेवला असल्यास कृपया परत घ्यावा.

सदर कंपनी शेतातील मोटरीचे ऑटो स्टार्टर, म्हणजे लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू करणारे यंत्र, बनवते. परीक्षा म्हणून त्यांनी स्टार्टरचा प्रोग्राम मला तपासायला दिला. दि. ९ मार्च रोजी माझ्या प्लगइनने त्यात एक जागा दाखवली. लाइट फार वेळ गेली, तर ती परत आल्यावर बंद करून ठेवलेली मोटर सुरू होऊ नये, यासाठी मूळ प्रोग्राममध्ये एक तपासणी लिहिलेली आहे. रूपांतर करताना, 'इतका वेळ लाइट जाणे शक्यच नाही' असे गृहीत धरून कंपायलरने ती तपासणी फालतू समजून काढून टाकली. कंपायलर परदेशात तयार झालेला आहे, त्याला आपल्याकडची लाइट माहीत नाही. परिणाम एवढाच, की शेतकऱ्याने बटण दाबून बंद केलेली मोटर काही तासांनी लाइट परत येताच आपोआप फिरू लागेल. त्या वेळी कोणाचा हात तिच्यात असेल, हे प्रोग्रामला कळण्याची सोय नाही.

मी कंपनीत फोन केला. तेथील इंजिनियर नीलम मॅडम म्हणाल्या, "आमच्या कोडमध्ये ती तपासणी आहे. मी आत्ता समोर बघतेय." त्या खोटे बोलत नव्हत्या. लिहिलेल्यात ती आहेच. फक्त मधल्या कोडमधून गेली आहे, आणि ते दाखवणारा अहवाल माझ्या कॉम्प्युटरमध्ये व त्याच पेन ड्राइव्हवर आहे. "सोमवारी, चोवीसला पुरावा घेऊन या. नुसत्या फोनवर माल थांबवता येत नाही," असे त्यांनी सांगितले. पंचवीसला माल दुकानांत निघतो. चाचणीचे पन्नास स्टार्टर तर शेतात बसलेलेही आहेत.

९. काल, दि. १७ रोजी, मी सहाव्यांदा आलो असता मल्हारराव खुशीत होते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. सोनपेठजवळच्या त्यांच्या शेतात विहिरीशेजारी त्यांचे वडील दत्तराव नव्या स्टार्टरचे खोके छातीशी धरून उभे आहेत. "चाचणीसाठी आमालाच निवडलं, बसवून बी गेले," असे ते म्हणाले. खोक्यावर त्याच कंपनीचे नाव होते.

मी त्यांना वरील परिच्छेद आठ तोंडी सांगितला. बटण बंद असले तरी मोटर चालू होऊ शकते, वडिलांना आत्ताच फोन करा, असे म्हणालो. ते हसले. "शिवकांतराव, गिरणीचा राग तुमी आमच्या मोटरीवर काढायलाव. लाइटच न्हाई तिकडं दुपारपासून, उद्या बी येत न्हाई म्हणतेत. दादा म्हणले, तेवढ्यात मोटरीचा पट्टा बदलून घेतो." (वडिलांना ते दादा म्हणतात.) मी दत्तरावांचा नंबर मागितला. तो त्यांनी दिला नाही. पुन्हा विनवले, तेव्हा ते गंभीर झाले व म्हणाले, "असं तोंडी कसं चालंल? लेखी द्या. साहेबांकडून मार्क होऊन येऊ द्या."

म्हणून हे लेखी. विनंती येणेप्रमाणे :

(क) दोन पंचांसमक्ष खोलीचे सील अर्ध्या तासासाठी उघडावे. मी फक्त पेन ड्राइव्ह काढून घेईन. कोणत्याही धान्यावर कोणतीही प्रक्रिया करणार नाही, असे शपथपत्र देण्यास तयार आहे.

(ख) सुलाबाईंचा डबा आहे त्या स्थितीत, किड्यांसह, त्यांच्या ताब्यात द्यावा.

(ग) हा अर्ज सर्वप्रथम मल्हाररावांकडे मार्क करावा. मार्क करताना वर आपल्या हस्ताक्षरात एवढेच लिहावे : 'वडिलांना फोन करा. मेन स्विच पाडल्याशिवाय मोटरीला हात लावू नये.' (क) आणि (ख) चा निर्णय पुढच्या आठवड्यात झाला तरी मी समजून घेईन. याचा निर्णय आज व्हावा.

आपला,
ज्याच्याकडे नम्रता थोडीच उरली आहे असा,
शिवकांत मल्लेश हालगे
झरी, दि. १८ मार्च २०२५

सोबत : दाखल्याची प्रत (डागासह), पंचनाम्याची प्रत.

ता. क. : आवक खिडकी साडेदहाऐवजी सव्वाअकराला उघडली. मल्हारराव आज रजेवर असून आपण मीटिंगमध्ये आहात, असे शिपायाने सांगितले. सोनपेठला लाइट आली का, हे येथे कोणालाच माहीत नाही. हा अर्ज मी खिडकीत ठेवून जात आहे. पोच नको. समोरच्या बसस्थानकात सोनपेठची गाडी फलाटाला लागलेली येथून दिसते आहे. दत्तरावांचे शेत विहिरीच्या फोटोवरून विचारत विचारत शोधीन.