पित्ताचे औषध

नागपूर, ता. ४ जुलै १९६८

ती. सौ. वच्छलाबाईस,
धाकट्या गिरिधरचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातली खोकल्याची ओळ मी तीनदा वाचली. रोज सायंकाळी ताप येतो, हे तू अगदी शेवटी, घाईत लिहिलेस. माझा क्षय असाच सुरू झाला होता. इकडे ये. दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. कंपाउंडर बळीराम सांगतात, दीड वर्ष एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. तीन महिन्यांत माझे वजन दोन किलो वाढले. चार वर्षांच्या जयाला मामाचा पापा.

लोभ आहे तो वाढवावा.
गिरिधर

उमरेड, ता. ११ जुलै

चि. गिरिधरले अनेक आशीर्वाद.

काहून एवढा भिऊन राहिला गा? पाढेसुद्धा तू दोनदा तपासत होता. दवाखान्यात नावगाव लिहून घेतात, मग घरी माणूस येतो, हे तूच सांगितलं होतं. शेजारच्या गोपिकेचं हेच दुखणं कळलं, तर तिच्या हातमागावरची लुगडी दलालानं उचलली नाहीत, अन् नवऱ्यानं तिले माहेरी नेऊन घातलं. माह्या सासूबाई म्हणतात, बरं झालं. मले माहेर म्हणजे तुझी एक खोली. तुले आता बरं वाटते ना? मग तुझ्यातल्याच थोड्या गोळ्या पाठव.

माया पातळ करू नको.
वच्छला

नागपूर, ता. २० जुलै

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

आपल्या वडिलांनी आपल्याला एक तीळही वाटून खायला शिकवले. माझ्या निम्म्या गोळ्या उमरेडच्या बसचा कंडक्टर नत्थू याच्या हाती पाठवत आहे. पुडीवर 'पित्ताचे औषध' असे लिहिले आहे. बळीरामांना सांगितलेले नाही.

लोभ असू दे, चिठ्ठी जाळून टाक.
गिरिधर

उमरेड, ता. २ ऑक्टोबर

चि. गिरिधरले आशीर्वाद.

पुड्या येतात. खोकला आहे तसाच आहे. रागावू नको, जयाचंही अंग आता सायंकाळी गरम लागते. माह्या वाट्यातली अर्धी गोळी तिले गुळात देऊन राहिली. होऊ तिघंही बरे.

तुझी वच्छला

नागपूर, ता. ८ ऑक्टोबर

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

आज माझ्या थुंकीत पुन्हा रक्त दिसले. बळीरामांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, अर्ध्या गोळीने रोग मरत नाही, गोळी ओळखायला शिकतो. त्यांनी तुझे नाव विचारले. मी तुझे, जयाचे आणि गावाचे नाव नीट अक्षरात लिहून दिले.

आता पुडी येणार नाही. सोमवारी पहिल्या बसने त्यांचा माणूस येईल, सोबत मी असेन. खोलीत दोन चटया धुऊन वाळत घातल्या आहेत. दार वाजले की सासूबाईंआधी तू उघड.

यानंतर लोभ उरला, तर ठेव.
गिरिधर