आर्द्रता: योग्य ती

४ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरसाहेबांस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राखून ठेवले आहेत. हे पत्र वाचून शहाण्यासारखा वागलास तर उरलेले पाठवीन.

मुद्दाम फोन केला नाही. फोनवर तू दर वाक्याला हो आत्या, हो आत्या म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. कागदाला हो म्हणून सुटका होत नाही.

सुकवणी खात्यातल्या अक्काला तू निलंबित केलंस, हे मला तुझ्या आईकडून कळावं? आरोप काय, तर तिने तुझ्या नव्या ड्रायरमध्ये ओली गोणपाटं टांगली आणि यंत्र बंद पडलं. घातपात म्हणे! अरे, त्या खात्यात ती एकतीस वर्षं काढते आहे. त्यातली सव्वीस माझ्या हाताखाली. विजेच्या तारा पेलणारे चिनीमातीचे इन्सुलेटर कच्चे असताना लोण्यासारखे असतात, बोट लागलं तरी वळ उठतो. अक्काच्या हातून एकाला कधी वळ उठला नाही. ती बाई घातपात करील? मग मीही उद्यापासून दरोडे घालायला निघते.

मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली म्हणजे माझी अक्कलही कारखान्यात जमा करून घेतली असं समजू नकोस. तुला ती खुर्ची मिळाली तेव्हा मला अभिमान वाटला होता. तो मोडीत काढायला लावू नकोस.

तुझ्या वडलांच्या गुडघ्याचं काय? वैद्याने सांगितलेलं ऐकतो का, की तुझ्यासारखाच आहे? वहिनीला नमस्कार. तुझ्यावरचा लोभ तूर्त निलंबित.

तुझी आत्या

---

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पाकीट उघडायच्या आधीच हाताला गरम लागलं.

बाबांचा गुडघा बरा आहे, ते वैद्याचं ऐकत नाहीत. आता मुद्द्याचं. मी अक्काचा वैरी नाही. लहानपणी तुझ्याबरोबर कारखान्यात आलो की तीच मला ट्रॉलीवर बसवून फिरवायची. पण जुनी कोळशाची खोली पाडून नवा ड्रायर बसवला तो कशासाठी? बंद कपाट, आत पंखे, हवेतलं पाणी खेचून घेणारं यंत्र, बाहेर पडदा. पडद्यावर आकडे भरायचे की झालं. तिला तीनदा सांगितलं की आत काही ठेवायचं नाही. तिने जेवणाच्या सुट्टीत दार उघडून चार ओली गोणपाटं टांगली. यंत्राला वाटलं आत पूर आला. ते किंचाळलं आणि थांबलं. माल सुकवायच्या खोलीत पाणी नेणारी बाई मी वरच्या साहेबांना काय म्हणून समजावू?

त्यात दुसरी अडचण. नव्या ड्रायरचा माल तडकतो आहे. दहांत तीन. साहेबांचं म्हणणं, गोणपाटं त्या एकाच दिवशीची नसतील, ती आधीपासून चोरून टांगत असेल आणि तडे त्यानेच जात असतील. म्हणून घातपात हा शब्द आला. तो माझा नाही.

आणि आत्या, रागावू नकोस, पण यंत्रात आकडे मी मनाचे भरलेले नाहीत. तुझ्याच प्रक्रियेच्या वहीतले भरले. इतकं मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. तापमान किती, किती तास, सगळं आहे. गोणपाटाचा शब्द कुठेही नाही. आर्द्रतेच्या रकान्यात तू लिहिलं आहेस, योग्य ती. आता योग्य ती म्हणजे किती हे यंत्राला कसं सांगू? ड्रायर आहे, तेव्हा जितकी कमी तितकी योग्य, असं धरलं आणि सर्वांत खालचा आकडा भरला.

निलंबित लोभ लवकर कामावर रुजू व्हावा.

तुझा भाचा

---

१३ फेब्रुवारी

चि. अतिशहाण्यास,
आशीर्वाद. यापुढे मोजूनच मिळतील.

जितकी कमी तितकी योग्य! तुला शिकवलं कोणी? त्यांचा पत्ता दे, त्यांनाही एक पत्र लिहिते.

चिखलाचा एक गोळा करून खिडकीत कडक उन्हात ठेव. वरची कातडी आधी सुकते, सुकली की आकसते. पोटात पाणी तसंच. पोट आकसायला तयार नाही, कातडी आवळत चालली. दुसरं काय होणार, तडा जाणार! म्हणून माल आधी ओल्या हवेत तापवायचा. हवा ओली असली की कातडी सुकत नाही, तोवर ऊब पोटापर्यंत पोचते. मग हळूहळू हवा कोरडी करत न्यायची, म्हणजे आतलं पाणी न अडता बाहेर येतं. तुझं यंत्र पहिल्या मिनिटापासून कोरडी हवा फुंकतं आहे. माल तडकतो आहे तो तुझ्यामुळे, अक्कामुळे नाही. ती तो वाचवायला गेली आणि तू तिला फाटक दाखवलंस.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. दोन ट्रॉल्या घे, एकाच मातीच्या, एकाच दिवशी घडवलेल्या. एक तुझ्या आकड्यांनी सुकव. दुसरी अक्काच्या पद्धतीने, यंत्राचं पाणी खेचणं बंद करून, पहिले सहा तास ओली गोणपाटं टांगून. मग मोज आणि मला कळव. लाज वाटली तरी कळव.

वहीबद्दल म्हणशील तर ज्याला डोकं आहे त्याला योग्य ती पुरतं.

तुझी आत्या

---

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. लाज वाटली, तरी कळवतो.

प्रत्येक ट्रॉलीवर चाळीस नग. माझ्या आकड्यांच्या ट्रॉलीत तेरा तडकले. गोणपाटांच्या ट्रॉलीत एक, आणि तोही बहुधा माझाच धक्का लागून. गोणपाटं किती भिजवायची हे कळेना, म्हणून सरळ अक्काच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं की पिळल्यावर मनगटापर्यंत ओघळ यावा, कोपरापर्यंत नको. चहाही विचारला नाही. बरोबरच केलं.

आकडे घेऊन वरच्या साहेबांकडे गेलो. तडे अक्कामुळे नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. पण आरोप मागे घ्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं की आर्द्रतेची पद्धत तुझी. तुझ्या निरोपाच्या दिवशी त्यांनीच तुला त्याबद्दल मानपत्र दिलं, त्याची प्रत त्यांच्या कपाटात आहे. तू मोठी जाणकार, मनात काही शास्त्र ठेवून योग्य ती लिहिलंस. अक्का मात्र ट्रॉली ढकलणारी. तिला परवानगी कोणी दिली, तिने कोणाचं पाहून गोणपाटं टांगली? लेखी प्रक्रिया मोडली म्हणजे मोडली. दोन मार्चला चौकशी आहे आणि निकाल जवळजवळ ठरलेला दिसतो.

अक्काने लेखी उत्तरात एकच ओळ दिली आहे, बाईंना विचारा. म्हणून विचारतो. ही पद्धत कोणाची?

तुझा भाचा

---

२५ फेब्रुवारी

चि. बाळास,
आशीर्वाद, सगळेच्या सगळे. पुढचं वाचून ते घ्यायचे की नाही ते तू ठरव.

दोन दिवस तुझ्या साहेबांवर चडफडले. मग तुझ्यावर. मग चडफडायला दुसरं कोणी उरलं नाही.

पद्धत अक्काची. मी नवी नवी रुजू झाले तेव्हा तिसरा हिस्सा माल तडकत होता. पदवी माझ्याकडे होती, उपाय नव्हता. अक्का तेव्हा विशीची, मातीवर झाकायची गोणपाटं धुऊन वाळायला सुकवणीच्या खोलीत टांगायची. त्याबद्दल मी तिला सर्वांसमोर झापलं होतं. आठवड्याने ती येऊन म्हणाली की बाई, ज्या दिवशी गोणपाटं टांगते त्या दिवशी माल फुटत नाही. मी हसले. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. मग मी मोजलं. तिचं खरं होतं. का खरं आहे ते नंतर मी पुस्तकांतून शोधलं, तेवढं माझं.

तेव्हाचे मुख्य इंजिनीअर बघायला आले, माल पाहून खूश झाले, मला शाबास म्हणाले. अक्का दारात ट्रॉली धरून उभी होती. मी गप्प बसले. खोटं बोलले नाही, नुसती गप्प बसले. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने खोटं बोलण्याबद्दल छड्या मारल्या, गप्प बसण्याबद्दल कधी नाही. ती पळवाट मी सव्वीस वर्षं वापरली.

वहीत गोणपाट लिहिलं असतं तर लोक विचारते की हे कोणाचं डोकं. आकडा लिहावा तर आकडा मला ठाऊक नव्हता, तो तिच्या मनगटात होता. म्हणून योग्य ती. मोत्यासारखं अक्षर काढून मी तिथे तिला पुसून टाकलं. आणि वर तुला लिहिलं की ज्याला डोकं आहे त्याला पुरतं. केवढा हा माज!

सोबत सहीचं निवेदन जोडलं आहे. वरचं सगळं त्यात आहे, मऊ न करता. मानपत्राची मूळ प्रतही पाठवते. साहेबांना सांग, ती प्रक्रिया अक्काने मोडली नाही. ती अक्कानेच घालून दिलेली आहे. चौकशीत हे मोठ्याने वाचायचं, अक्का समोर असताना. चौकशी करायचीच असेल तर माझी करा, मी गाडीभाडं न मागता येईन.

अक्काला भेटायला यावं असं फार वाटतं. धीर होत नाही. तिला विचारशील?

तुझी आत्या

---

१२ मार्च

बाईंना,
नमस्कार. अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. पत्र तुमच्या भाच्याकडून लिहून घेणार होते, पण म्हटलं आपलं आपण लिहावं.

मी कामावर परत रुजू झाले. तुमचा कागद चौकशीच्या दिवशी वाचून दाखवला. साहेब खाली बघत बसले होते. मी वर बघत होते.

भाच्याने माझ्या गोणपाटांजवळ मीटर लावून तीन दिवस मोजलं. पहिले सहा तास पंच्याऐंशी टक्के निघालं, मग तासाला पाच पाच कमी. आता यंत्रातच वाफ सोडायची सोय केली आहे, त्यामुळे गोणपाटं सुटली. नव्या वहीत आकडा भरला आहे आणि खाली माझी सही आहे. कालच्या ट्रॉलीत एकही फुटला नाही. पोरगा चांगला आहे, ऐकतो. तुमच्यापेक्षा लवकर ऐकतो.

तुम्ही कागदात लिहिलंत की माझ्यावर अन्याय झाला. झाला. मला तेव्हाच माहीत होता. निरोपाच्या दिवशी तुम्हाला ते काचेतलं मानपत्र दिलं तेव्हा टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत होते. तुम्ही एकदा माझ्याकडे बघाल असं वाटलं होतं. तुम्ही चष्मा पुसत बसलात. माझी नोकरी जायची वेळ आली म्हणून तुम्हाला खरं आठवलं. नसती आली तर? याचं उत्तर पत्राने पाठवू नका, तुमचं अक्षर फार सुंदर आहे, मला त्याचा भरवसा नाही. समोर येऊन सांगा.

रविवारी सुट्टी असते. घरीच आहे. दार उघडीन आणि चहाही करीन. बोलणार मात्र मी, आणि तुम्ही ऐकायचं.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो आहेच, म्हणून तर एवढी संतापले.

अक्का