आकेसाच्या लग्नाला मामा का येत नाही

मेलबर्न,
९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप तोआकासे आत्यांना लोसालिनेचा नमस्कार.

मातेनीच्या हाती पाठवलेली चटई पोचली. इकडे थंडी अजून हटत नाही. प्रयोगशाळेतलं काम बरं चाललंय. चर्चमधली मंडळी तुमची आठवण काढतात.

तुम्ही लिहिलंत, "तुझ्या बापाला बहिणीचा विसर पडला असेल तर तसं स्पष्ट कळव. मामा आल्याशिवाय माझ्या आकेसाचं लग्न लागायचं नाही." मी बाबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ताईला लिही, सेमिसी कामात आहे."

तसं लिहिलं, आणि कागद फाडला. आत्या, पत्र मी वाचून दाखवलं, कारण बाबांना आता वाचता येत नाही.

डावा डोळा गेल्या वर्षीच गेला होता. तिकडे वावाऊ बेटापाशी होडीवर असताना डोळ्यात अचानक काळी शाई सांडल्यासारखं झालं, ते रक्त होतं. तुम्हाला 'मोतीबिंदू' सांगितलं, ते त्यांच्याच हट्टामुळे. उजवा वाचवायला मी त्यांना इकडे आणलं. माझं प्रयोगशाळेतलं कामच या आजारावर आहे. साखरेनं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आतल्या पडद्याचा श्वास कोंडतो, आणि तो एक प्रथिन सोडून नव्या वाहिन्यांना हाका मारतो. पोटातल्या बाळाच्या रक्तवाहिन्या वाढवणारं तेच प्रथिन. वाहिन्या येतात, पण भलत्या जागी आणि कच्च्या. त्या फुटतात. मग त्यांचे व्रण आक्रसतात आणि पडदाच ओढून काढतात.

बाबांना ते बघायचं होतं. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. उंदराच्या डोळ्यातल्या नव्या वाहिन्या, हिरव्या रंगानं चमकणाऱ्या. खूप वेळ बघत राहिले. "पोरी, हे तर आपल्या खडकावरचं पोवळं! एवढं देखणं, आणि माणसाला आंधळं करतं?"

त्या प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन डोळ्यात देतात. उजव्याला ते छान लागू पडलं. पण त्याचा जोर ओसरतो, पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. मी हे सांगितलं, डॉक्टरांनीही बजावलं. बाबा म्हणायचे, "मासा धरायला एक डोळा पुष्कळ."

आणि एक दिवस, "गावकऱ्यांना भेटून येतो," म्हणून गेले ते मिल्ड्युराला. द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला. फोन केला की म्हणत, "इंजेक्शन इथंच घेतलं." घेतलं नव्हतं. हंगाम संपल्यावर परतले. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर ते बोलत होते, "बस ना लोसा, किती वेळ उभी राहशील?" मी डोकावून पाहिलं. खुंटीला माझा कोट टांगला होता, त्याच्याशी बोलत होते.

शस्त्रक्रिया झाली. पडदा बसला नाही. आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

मळ्यात का गेले, हे तुम्हाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातलीय. आकेसाच्या लग्नात बहिणीसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं नव्हतं, आत्या. आता हात भरलेत, तर म्हणतात, "ताईच्या दारात मला कुणी धरून न्यायचं? त्यापेक्षा विसरलो म्हण." तुम्ही रागावलात तर त्यांना चालेल, रडलात तर चालणार नाही.

माझं ते ऐकत नाहीत. पण आपल्या रीतीनं घरात आत्याचा शब्द शेवटचा. तुम्ही 'ये' म्हणालात तर त्यांना नाही म्हणता यायचं नाही. म्हणा. रागावून म्हणा, दया करून नको.

आणि झाडाच्या सालीच्या कापडावर नक्षी काढताना डोळ्यांपुढे कोळिष्टकं तरंगतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी गमतीनं लिहिलंत. ही गंमत नाही, आत्या, तेही रक्त असू शकतं. साखर तुम्हालाही आहे. आकेसाला घेऊन याच आठवड्यात नुकुआलोफाच्या इस्पितळात जा, डोळ्याचा पडदा तपासून घ्या. लग्नानंतर नाही. आत्ता.

बाबा समोरच बसलेत. मघाशी विचारलं, "कुणाला लिहितेस गं एवढं?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." त्यांनी मान डोलावली. या घरात त्यांना फसवणं फार सोपं झालंय, आत्या.

तुमची,
लोसालिने