खरबरीत फरशी

पुरुषोत्तमनगर
१२ मे

प्रिय रुपा,

रविवारी फोनवर तू बागेच्या कामाचं विचारलंस आणि मी "झालं" म्हणून विषय बदलला. झालं खरंच. पण दोन महिने लागले, आणि मी पार थकून गेले आहे. आज मात्र तुला सगळं लिहायचंच, असं ठरवून बसले आहे.

तुझे भाऊजी कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून घरामागे बाग करायची म्हणत होते. लिंबू, पेरू, जास्वंद लावून झाली. राहिली ती मधली वाट, दोन पायऱ्या आणि वाफ्यांच्या कडा. त्यांना हवी होती पांढरी, चकचकीत फरशी. पुढच्या दारात तर त्यांनी ती मला न विचारता बसवूनही टाकली. मागे मात्र मी नको म्हटलं. मग पेव्हर ब्लॉक पाहिले. त्यांचा रंग आणि मातीचा रंग मला एकच दिसला, म्हणून तेही नको.

शहाद्याला पारसच्या फरशीच्या दुकानात आम्ही पाच वेळा गेलो. दर वेळी मी चप्पल काढून नमुन्याच्या फरश्यांवर उभी राहायची. एप्रिलचं ऊन. तो बिचारा म्हणायचा, "काकी, चप्पल घाला, पाय भाजतीन." मी भाजू दिले. कोटा दगडाची गुळगुळीत फरशी, खरबरीत फरशी, दोन्हींवर डोळे मिटून चालून पाहिलं. शेवटी हे सगळ्यांसमोर चिडले, "तू फरशी ली ऱ्हायनी का सोनं?" सोनं घ्यावं तशीच पारखून मी खरबरीत कोटा घेतला आणि घरी आले.

धडगावकडचा दिवाल्या मिस्त्री कामाला होता. प्रत्येक पायरीच्या आधी त्याला मी विटांची एक उभी ओळ घालायला लावली, पायाला कळेल अशी. वाफ्यांच्या कडेला प्रकाशा गावाहून आणलेले नदीतले गोल गोटे टाकले, म्हणजे वाट सुटली तर पायाखाली वाजतील. एक पायरी दोनदा उखडायला लावली. तो कुरकुरला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला चहा द्यायला गेले, तर शेजारीच ठेवलेल्या सिमेंटच्या घमेल्यात माझा पाय गेला. त्याने कप धरला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुमले बाजूनं दिखस नही का?"

हे मागेच झाडांना पाणी देत होते. त्यांनी ऐकलं.

मग सांगावंच लागलं. चष्म्याचा नंबर बदलायचाय म्हणून फेब्रुवारीत मी एकटीच धुळ्याला गेले होते ना, तेव्हाच काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं आहे. नळीतून पाहिल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, थेंब घालत राहिलं तर उरलेलं टिकेल म्हणतात. यांच्या हातातल्या नळीचं पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं. मग म्हणाले, "माले काबर नही सांगं?" का सांगितलं नाही ते विचारत होते, आणि मी जाऊन नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन त्यांनी स्वतः पुढच्या दारातली पांढरी फरशी काढली. मी थांबवलं नाही.

आता मूळ गोष्ट. डॉक्टरांनी त्याच दिवशी विचारलं होतं, सख्खी भावंडं किती? मी म्हटलं, एक बहीण, सुरतला. ते म्हणाले, तिला लगेच तपासून घ्यायला सांगा, हा आजार घरात चालतो आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. तीन महिने झाले, रुपा. तुला सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी वाटत राहिलं, आणि मी फरश्या पाहत बसले. आपल्या मायला शेवटी शेवटी ताटाच्या कडेची वाटी सापडायची नाही. आपण दोघी तिच्यावर खेकसायचो, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून. लक्ष होतं गं तिचं. याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, चष्म्याच्या दुकानात नको. डोळ्यातला दाब मोजून घे. फोनवर तू हसून टाळशील, म्हणून लिहिते आहे. उशीर मी केला, तू करू नकोस. माझ्यावर रागावायचं तेवढं रागाव, पण आधी जाऊन ये.

तुझीच,
शीलाताई